तळघरातली लाल चकती

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळींना मनोहरराव सोहनींकडचं जेवणाचं आमंत्रण आलं की आनंद व्हायचा आणि लगेच कपाट उघडायला लागायचं. बायका पैठणीच्या आत थर्मल घालायच्या. पुरुष कुडत्यावर जाडजूड कोट चढवून यायचे आणि तो शेवटपर्यंत न उतरवता पुरणपोळीवर ताव मारायचे. तूप वाढलं की ते पोळीवरच थिजायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या बायकोनं, नीलांबरीनं, काय लुटावं यावर एकदा चर्चा झाली, तेव्हा कुणीतरी हातमोजे सुचवले होते, आणि ती सूचना हसण्यावारी गेली याचं निम्म्या बायकांना मनापासून वाईट वाटलं होतं.

मनोहरराव कंजूष नव्हते. हे त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरही होतं. मंडळाला देणगी देताना त्यांचा हात आखडला नाही. लेकीचं, केयाचं, कॉलेज त्यांनी एका पैशाच्या कर्जाशिवाय पार पाडलं. बायकोला दागिने केले. फक्त घर तापवायचं तेल, तेवढं एक सोडून बोला.

घर जुनं होतं. आजूबाजूच्या नव्या वसाहतींत गॅस होता, सोहनींकडे तेल. तळघरात एक लोखंडी टाकी, तिच्याशेजारी बॉयलर. बॉयलर तेल जाळून पाणी तापवणार आणि ते पाणी भिंतीलगतच्या पाइपांतून घरभर हिंडणार, अशी सगळी व्यवस्था. टाकीच्या डोक्यावर काचेचं एक छोटं नळकांडं होतं आणि त्यात एक लाल चकती, टाकीतल्या तेलावर तरंगणाऱ्या दांडीच्या टोकाला. टाकीत तेल भरपूर असलं की चकती वर, तेल उतरलं की चकती खाली. सोहनींच्या संसारात त्या चकतीचं स्थान देव्हाऱ्याच्या खालोखाल होतं. आणि आमच्या माहितीप्रमाणे ती कधी फारशी वर नसायची.

"थंडी वाजतेय हो," नीलांबरी म्हणायची.

"स्वेटर घाल," मनोहरराव म्हणायचे.

इतकं साधं होतं सगळं. हा संवाद त्या घरात चाळीस हिवाळे चालला. केया बोलायला लागली ती 'आई', 'बाबा' आणि 'स्वेटर' हे तीन शब्द घेऊन. पुढे ती नोकरीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला गेली, तेव्हा मनोहरराव सगळ्यांना कंपनीचं नाव कौतुकानं सांगत. केया मैत्रिणींना सांगायची की तिनं ते अपार्टमेंट घेतलं कारण भाड्यात हीटिंग धरलेलं होतं.

दसऱ्याला लोक गाड्यांची आणि लॅपटॉपची पूजा करतात. मनोहरराव बॉयलरची करायचे. सोवळं नेसून तळघरात उतरायचे, बॉयलरला कुंकू, झेंडूचा हार, समोर पेढा. पूजा झाली तरी बॉयलर लगेच सुरू व्हायचा नाही. तो मान लक्ष्मीपूजनाचा. संध्याकाळी लक्ष्मी घरात आली की तिला थंडी वाजू नये म्हणून बटण दाबायचं, आणि गुढी उभारली की बंद करायचं. अमेरिकेतला हिवाळा पंचांग वाचत नाही, ही अडचण त्यांनी कधी मानली नाही. ज्या वर्षी अधिक महिना यायचा आणि दिवाळी लांबायची, त्या वर्षी नीलांबरी वाती वळतानाच दात वाजवायची. तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट मग बासष्ट फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या सोळा-सतरा अंशांवर. तिथून तो हलला तर पाहुण्यांचा हात लागला असं समजायचं.

तेल विकत घेणं हा तर त्यांचा सणच. तेलाच्या कंपन्या म्हणतात, करार करा, तुमच्या टाकीवर आम्ही लक्ष ठेवतो, कमी झालं की न सांगता येऊन भरतो. मनोहरराव म्हणायचे, "लक्ष ते ठेवणार आणि भावही तेच ठरवणार? वा!" त्यांनी करार कधी केला नाही. ते भर ऑगस्टात, बनियन घामानं चिंब झालेलं असताना, तीन-तीन कंपन्यांना फोन लावायचे आणि मेथीची जुडी घासाघीस करून घ्यावी तसा तेलाचा भाव पाडायचे. मग ट्रक यायचा. बाहेरच्या नळीतून तेल सोडलं की टाकीतली हवा शीळ घालत बाहेर पडायची. शीळ वाजतेय तोवर तेल चढतंय, थांबली की टाकी भरली. ती शीळ ऐकताना मनोहररावांच्या चेहऱ्यावर जे भाव यायचे, ते नीलांबरीनं लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही पाहिले नव्हते.

"भरली का हो पूर्ण?" ती विचारायची.

"पूर्ण कुठली! पावच भरली. बघू पुढे भाव काय होतो ते." आणि ते तळघरात जायचे. "टाकीला भेटून येतो," असं म्हणून जायचे आणि बराच वेळ यायचे नाहीत. खाली काय करायचे देव जाणे. हाताला चैन नव्हती माणसाच्या. ज्या प्रयोगशाळेत उभी नोकरी झाली, तिथून निवृत्त होताना लोक घड्याळ आणतात, यांनी टाकून दिलेल्या तांब्याच्या तारेचं रीळ आणलं. पुढे घरात जे जे मोडलं ते त्या तारेनं जोडलं गेलं. चष्म्याची काडी, पुरणयंत्राचा दांडा, देव्हाऱ्यातल्या घंटेचा लोलक. प्रत्येक ठिकाणी दोन वेढे, एक पीळ आणि टोक आत दुमडलेलं, म्हणजे हाताला बोचू नये. स्वयंपाकघरातलं घड्याळ त्यांनी पुढे करून ठेवलं होतं, बायकोला कुठेही जायला उशीर होऊ नये म्हणून. पण ही गोष्ट बायकोला ठाऊक होती. त्यामुळे ती मनातल्या मनात वेळ वजा करायची आणि बरोबर पूर्वीइतकाच उशीर करायची.

हे सगळं हसण्यासारखं आहे आणि आम्ही सगळे हसलोही. पण नीलांबरीला एक सकाळ आठवायची आणि ती फार हसायची नाही.

अमेरिकेतला पहिला हिवाळा. भाड्याचं घर, केया पाळण्यात. टाकी नावाची वस्तू रिकामी होते हे मनोहररावांना ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटलं होतं, नळाला पाणी येतं तसं तेल येत राहतं. एका पहाटे घर गार पडलं होतं. पोरीचे ओठ निळे झाले होते. त्यांनी तिला शालीत गुंडाळून गाडीत नेलं, इंजिन सुरू केलं, शर्टाची बटणं काढली आणि तिची पावलं स्वतःच्या काखेत धरून बसून राहिले. पोरीला काही झालं नाही. ती रडायला लागली तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा नाही." नंतर या विषयावर ते चकार शब्द बोलले नाहीत.

*

डिसेंबरात मनोहररावांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. म्हणजे अगदी सगळी नाही, एक शब्द उरला. 'नको'. पाणी हवं का? नको. उशी सारखी करू? नको. केयाचा फोन आहे, बोलता? नको, आणि हात मात्र फोनकडे पुढे.

"त्यांना म्हणायचं वेगळंच असतं, तोंडातून एवढंच येतं," घरी येणारी नर्स समजावत होती.

"आयुष्यभर हाच शब्द जास्त वापरलाय त्यांनी," नीलांबरी म्हणाली. "झिजला असता तर बरं झालं असतं."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आता उपचार नाहीत. घरी न्या, त्रास होणार नाही एवढं बघा. काही दिवस, फार तर काही आठवडे. बैठकीच्या खोलीत दवाखान्याची खाट आली, प्राणवायूचं यंत्र आलं आणि दिवसरात्र घुरघुरायला लागलं. नर्स म्हणाली, खोली उबदार ठेवा. नीलांबरी थर्मोस्टॅटपाशी गेली, एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि चोरट्यासारखा आकडा सत्तरवर नेला.

पाठीमागून आवाज आला, "नको."

"हो हो, ठाऊक आहे," ती म्हणाली आणि सत्तरवरच ठेवला.

ती आता स्वतः टाकीला भेटायला जायला लागली. चकती खाली चालली होती. जानेवारी सरता सरता ती नळकांड्याच्या पार तळाशी टेकली, जेमतेम एक बारीक लाल रेघ दिसेल एवढी. नीलांबरीनं कंपनीला फोन लावला.

"तुमचा आमच्याशी करार आहे का?" पलीकडच्या बाईनं विचारलं.

"नाही, पण माझे मिस्टर नेहमी तुमच्याकडूनच घेतात."

"मॅम, बर्फाचं वादळ येतंय. करारवाल्यांकडे आधी ट्रक जातात. तुमचं नाव लिहून घेते. रस्ते मोकळे झाले की येऊ."

"घरात माणूस आजारी आहे हो."

"आय अॅम सो सॉरी, मॅम," बाई म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलं असावं. पण ट्रक तर तिला फोनमधून पाठवता येत नव्हता. आणखी दोन ठिकाणी हेच उत्तर मिळालं.

वादळ आलं. आधी बर्फ पडलं, मग त्यावर पाऊस पडून तोही गोठला. झाडांच्या फांद्या काचेच्या झाल्या. रस्ता दिसेना. नर्सचा फोन आला की ती येऊ शकत नाही. केयाचं विमान दोनदा रद्द झालं.

नीलांबरीनं हिशेब केला, तो शहाण्या बाईचाच हिशेब होता. टाकी कोरडी पडली तर बॉयलर बंद, पाइप गोठणार, फुटणार, मग घरात उष्णतेचा कणही नाही. त्यापेक्षा आहे ते पुरवून वापरायचं. ट्रक येईपर्यंत यांची खोली कशीबशी जिवंत ठेवायची. वरच्या खोल्यांचे नळ तिनं थेंबथेंब सुरू ठेवले, दारं लावून घेतली, फटींत जुने पंचे कोंबले आणि थर्मोस्टॅट खाली आणला. सत्तरवरून बासष्ट. दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न.

ठक. ठक. ठक.

मनोहरराव डाव्या हातातली अंगठी खाटेच्या दांडीवर आपटत होते. डोळे थर्मोस्टॅटकडे. मग त्यांनी बोट जमिनीकडे केलं. खाली. पुन्हा खाली.

"अहो, कमीच केलंय की! अजून किती खाली आणू?"

"नको. नको. नको."

"बरं, पंचावन्न करते. झालं समाधान?"

ठक. ठक. बोट जमिनीकडे. मग तळहात पालथ्याचा उताणा करून वर, वर. आता हे काय? कपाळाला हात लावल्यासारखं काहीतरी, असं तिला वाटलं. तिनं थर्मोस्टॅट पंचावन्नवर नेला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. या आजारात माणसाला कशानंही रडू येतं, हे नर्सनं सांगून ठेवलं होतं. तिनं ते पदरानं टिपलं.

"तुमचंच तेल वाचवतेय ना," ती म्हणाली. "जन्मभर शिकवलंत. आता जमतंय तर रडताय काय?"

मागच्या वसाहतीतली राधिका, केदारची बायको, बर्फात पाय रोवत रोवत आली. छातीशी विजेचा हीटर धरलेला.

"काकू, फोनवर काही बोलला नाहीत तुम्ही! अहो, फ्रीजमध्ये बसल्यासारखं वाटतंय इथे. आमच्याकडे चला ना काकांना घेऊन."

"कशी नेऊ गं? खाट, यंत्र, आणि हे."

"मग हा लावा. केदार म्हणाला, अख्खी खोली गरम होईल."

हीटर लावला. त्याच्या तारा लालबुंद झाल्या. नीलांबरीनं दोन्ही हात पुढे केले, राधिका म्हणाली, "बघा!", आणि फट्कन सगळं बंद पडलं. जुन्या घराची जुनी वायरिंग. प्राणवायूचं यंत्र किंचाळायला लागलं. मनोहररावांचे ओठ निळे पडायला लागले. राधिकानं तळघरात धावत जाऊन खटका वर केला. दुसऱ्या भिंतीतून वायर ओढून पाहिली. पुन्हा फट्, पुन्हा किंकाळी.

"ने बाई तो," नीलांबरी म्हणाली. "श्वास तरी राहू दे त्यांना."

राधिका घरातल्या सगळ्या रजया ठेवून गेली. जाताना तिला रडू फुटलं, तेव्हा नीलांबरीनंच तिची पाठ थोपटली.

संध्याकाळी केयाचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आईच्या तोंडातून वाफ निघताना दिसली.

"आई, व्हॉट इज धिस? जस्ट टर्न इट अप!"

"टाकी संपत आलीय गं."

"बाबा ऑलवेज सेज दॅट!"

"या वेळी मी स्वतः बघितलंय. चकती तळाला आहे."

ठक, ठक, ठक, खाटेवरून जोरात सुरू झालं. केयानं विचारलं, ते कसला आवाज करतायत? नीलांबरी म्हणाली, "भांडतायत माझ्याशी. कुणीतरी हीटिंगचं बोललं की भांडतात." केया रडता रडता हसली. मनोहररावांनी बोट जमिनीकडे रोखलं होतं. नीलांबरीनं तो हात धरून रजईत सरकवला. "गारठेल," ती म्हणाली.

त्यानंतर ठकठक कमी होत गेली. श्वास अडखळायला लागला. एकदा त्यांचे दात वाजले. चाळीस वर्षांत तिनं हा आवाज स्वतःच्या तोंडात ऐकला होता, त्यांच्या कधी नाही.

"थंडी वाजतेय का हो?"

"नको," ते पुटपुटले.

त्यांना दोन स्वेटर आधीच घातले होते. तिनं तिसरा, तिचा, पायांवरून ओढला. पावलं बर्फासारखी होती, कशानं गरम होईनात. मग ती खाटेच्या पायथ्याशी बसली, अंगातला कोट उघडला आणि ती दोन्ही पावलं स्वतःच्या काखेत धरली. मनोहरराव तिच्याकडे बघत राहिले. उजाडताना ते गेले, तेव्हाही ती तशीच बसली होती. पावलं थोडी गरम झाली आहेत असं तिला वाटत होतं, पण ती तिचीच ऊब होती.

*

बर्फ काढणारी गाडी सकाळी फिरली. राधिका आणि केदार आले, फोनाफोनी केदारनं केली. काळ्या गाडीतून अंत्यविधीवाल्यांची दोन सभ्य माणसं आली आणि मनोहररावांना घेऊन गेली. राधिका त्यांच्यामागे दारापर्यंत गेली, मग घरून चहा-खाणं आणते म्हणून नवऱ्याबरोबर निघाली. नीलांबरीनं चहाचं आधण ठेवलं. कुणासाठी ते तिलाही कळलं नाही.

आणि ट्रक आला.

ड्रायव्हर दाढीवर बर्फ घेऊन दारात उभा. "सोहनी? पूर्ण भरायची?"

"भरा," ती म्हणाली. आता भरून काय करायचं हे त्याला कसं विचारणार.

त्यानं नळी जोडली. तळघरातून शीळ सुरू झाली. रिकामी टाकी भरायला किती वेळ लागतो याचा नीलांबरीला अंदाज होता. तेवढ्यात कुकर लागून वरणभात व्हायचा. ती ओट्याशी उभी राहून ऐकत होती. चहाला उकळी यायच्या आत शीळ थांबली.

ड्रायव्हर पावती घेऊन आला. "झालं, मॅम."

"एवढ्यात? नळी गोठलीय का?"

"नाही, नाही. जागाच नव्हती. अर्ध्याहून कितीतरी जास्त तेल होतं तुमच्या टाकीत." तो हसला. "या वादळात सगळीकडे रिकाम्या टाक्या बघतोय. तुम्ही हुशार निघालात."

तो गेला. चहा उतू जाऊन शेगडीवर सांडला. नीलांबरी तळघराचा जिना उतरली.

लाल चकती तळापासून थोडी वर सरकली होती. पाव टाकी म्हणत होती. तिनं टाकीवर बोटानं वाजवून पाहिलं. वरपर्यंत जड, भरीव आवाज. मग लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवावं तसं तिनं दोन्ही हातांनी ते नळकांडं फिरवलं, आट्या सुटल्या आणि तिनं चकती वर ओढली. तेलानं निथळणारी दांडी बाहेर आली. दांडी मध्येच दुमडून आखूड केली होती, आणि दुमड सुटू नये म्हणून बांधली होती. तांब्याच्या तारेनं. दोन वेढे, एक पीळ, टोक आत वळवलेलं.

घड्याळाची युक्ती बायकोला ठाऊक होती म्हणून फुकट गेली होती. ही त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. ऑगस्टात पूर्ण भरलेली टाकी घरच्यांना पाव दिसायची, अर्ध्याहून जास्त भरलेली असली तरी संपत आल्यासारखी दिसायची, आणि त्या आखूड दांडीच्या खाली, काही झालं तरी, 'पुन्हा नाही' म्हणणाऱ्या माणसाचं तेल शिल्लक राहायचं. बायकोसाठी. नेमक्या अशा दिवसासाठी.

खाली. खाली. मग तळहात वर, वर.

नीलांबरी बॉयलरशेजारी उकिडवी बसली. बॉयलरवर दसऱ्याचं कुंकू अजून होतं, आणि वाळलेल्या झेंडूचा दोराही. "सांगायचं होतंत हो," ती म्हणाली. "चाळीस वर्षं तोंड होतं तुम्हाला." तिला त्यांना बडवावंसं वाटलं. बडवायला समोर टाकी होती, तिच्यावर तिनं मूठ आपटली. टाकी भरलेली असल्यानं फार आवाजही झाला नाही.

बऱ्याच वेळानं ती उठली. तार तिनं सोडली नाही. दांडी होती तशी आत सोडली, नळकांडं घट्ट बसवलं. चकती पुन्हा खाली जाऊन खोटं सांगायला लागली. मग ती वर आली, थर्मोस्टॅटचा आकडा जाईल तितका वर नेला आणि रिकाम्या खाटेशेजारी खुर्चीत बसली. खालून बॉयलर धडधडला. पाइप कडकडले. इतकं गरम पाणी त्यांच्यातून कधी गेलंच नव्हतं.

केया दुसऱ्या दिवशी पोचली. आईच्या गळ्यात पडून खूप रडली. मग तिला जाणवलं की आपल्या कपाळावरून घाम ओघळतोय. खिडक्यांच्या काचांवरून पाणी वाहत होतं. देव्हाऱ्यातलं तूप पातळ झालं होतं. आई तिच्या बाबांचा तपकिरी स्वेटर घालून बसली होती, चेहरा लाल झालेला.

"आई, इट्स सो हॉट इन हिअर," केया म्हणाली आणि सवयीनं थर्मोस्टॅटकडे गेली.

"हात लावू नकोस त्याला," नीलांबरी म्हणाली.

"पण मला खूप उकडतंय!"

"मग स्वेटर काढ."